अटकळींचे वाङ्मय

दिवाळीचा फराळ संपत आला की तुळशीचे लग्न लागते, आणि तुळशीचे लग्न लागले की घरोघर स्थळांच्या गोष्टी सुरू होतात. मुलगा कुणाचा, गाव कोणते, शिक्षण किती, पत्रिका जुळते का, एकनाड तर नाही ना! लग्न आपल्या घरचे नसेल तर या गोष्टींना अधिकच रंग चढतो. खर्च दुसऱ्याचा असतो, रुसवेफुगवे दुसऱ्याला काढायचे असतात. आपण नुसती स्थळे सुचवायची आणि वेळ आली की लाडू खायचा.

अशीच स्थळे सुचवण्याचा एक मोसम आपल्या देशात पाच वर्षांनी एकदा येतो. १९७७ सालापासून राष्ट्रपतींनी २५ जुलैला शपथ घ्यावी अशी वहिवाट पडली आहे. त्यामुळे त्या वर्षीच्या एप्रिल-मेपासूनच ‘पुढचे राष्ट्रपती कोण?’ या मथळ्याचे लेख पडू लागतात. आंब्याच्या पेट्या आणि राष्ट्रपतिपदाची नावे एकाच सुमारास बाजारात येतात, आणि पहिल्या पावसाबरोबर दोन्हींचा हंगाम आटोपतो. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. पाच वर्षांचा हिशेब २०२७च्या जुलैत पुरा होतो. म्हणजे पुढचा हंगाम काही फार दूर नाही.

या हंगामात जे लिहिले-बोलले जाते, त्याला मी अटकळींचे वाङ्मय म्हणतो. कथा-कादंबऱ्यांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, पाकशास्त्राच्या पुस्तकांवरही अभिप्राय छापून येतात. मग लक्षावधी लोक सकाळच्या चहाबरोबर चवीने वाचतात त्या वाङ्मयालाच टीकाकार का नसावा? ही उणीव प्रस्तुत लेखात यथाशक्ती भरून काढण्याचा विचार आहे. ज्योतिषाची कसोटी मात्र मी त्याला लावणार नाही. भाकीत खरे ठरले की खोटे, एवढेच पाहायचे तर निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी कुणीही परीक्षक होऊ शकतो. वाङ्मयाला आपण वेगळे विचारतो. त्यातली माणसे जिवंत आहेत का? वाचून झाल्यावर आपल्याला पूर्वी न दिसलेले काही दिसते का?

*

माझ्या एका मामांना या वाङ्मयाचा विलक्षण नाद होता. पोस्टातून निवृत्त झालेले, हिशेबी गृहस्थ. त्यांनी यासाठी एक स्वतंत्र शंभरपानी वही घातली होती. तीत उभे रकाने आखलेले असत : नाव, प्रांत, जात-धर्म, वय, पक्षातले वजन, विरोधकांचा आक्षेप, आणि शेवटी गुण. गुण अर्थातच छत्तीसांपैकी. २००७च्या जूनमध्ये मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी ती वही माझ्यापुढे उघडली.

“हे बघ, शिवराज पाटील. लोकसभेचे सभापती होते, आता गृहमंत्री आहेत, श्रेष्ठींचा विश्वास आहे, आणि शिवाय आपल्या लातूरचे. बत्तीस गुण! कार्य ठरले म्हणून समज.”

“पण मामा, डावे पक्ष नको म्हणताहेत ना?”

“आधी नको म्हणतात, मग हो म्हणतात. मुलीकडची मंडळी नेहमी तशीच.”

मामी शेजारी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, “अहो, इतकी स्थळे पाहताय, पण त्या माणसाला तिथे गेल्यावर काम काय असते?”

“काम? अगं, राष्ट्रपती असतात ते!” मामा म्हणाले.

“ते कळले,” मामी म्हणाल्या आणि पुन्हा कोथिंबिरीकडे वळल्या.

१४ जूनच्या संध्याकाळी नाव जाहीर झाले. डाव्यांनी नकाराचा होकार केला नव्हता. राजस्थानच्या राज्यपालपदी असलेल्या, मूळच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांची निवड झाली होती. मामांच्या वहीत हे नाव कुठेच नव्हते. ते बराच वेळ दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “आडनाव तर जुळले की नाही?”

या उत्तरात अटकळींच्या वाङ्मयाचे निम्मे शास्त्र आले. पुढे जुलैत प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते पडली. शिवसेना शेखावतांच्या आघाडीतली, पण मराठी माणूस म्हणून तिने प्रतिभाताईंना पाठिंबा दिला. मामा त्या दिवशी पेढे घेऊन आले, आणि पेढ्याच्या गोडीत मामींचा प्रश्न विरघळून गेला. मला तो आठवला पुष्कळ वर्षांनी, आणि तेव्हापासून तो पाठ सोडीत नाही.

*

प्रथम भाषेकडे पाहू. अटकळींच्या वाङ्मयाची वाक्ये एकदा व्याकरणाच्या तासाला न्यावीत अशी आहेत. ‘असे समजते.’ कुणाला समजते? ‘नाव आघाडीवर असल्याचे बोलले जाते.’ कोण बोलते? ‘चर्चेला उधाण आले आहे.’ उधाणाला चंद्र लागतो; इथला चंद्र कोणता? ‘ही शक्यता नाकारता येत नाही.’ नाकारायला कोण निघाले होते? शाळेत आपण कर्ता, कर्म, क्रियापद शिकलो. या वाङ्मयात कर्म असते, क्रियापद असते. कर्ता तेवढा गायब असतो. लेखकाला वाटते की ही सावधगिरी आहे. माझ्या मते तोच या वाङ्मयाचा मूळ दोष आहे, कारण लपलेला कर्ता हाच त्या बातमीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. नाव त्याने पुढे सोडलेले असते, आणि का सोडले हे विचारण्याची सोय वाक्यातच ठेवलेली नसते.

आपल्या बोलीत याला ‘पुडी सोडणे’ असा नेमका शब्द आहे. काही पुड्या नाव पुढे यावे म्हणून सुटतात, तर काही ते जळून जावे म्हणून. १३ जून २०१२ रोजी ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यादव यांनी दिल्लीत तीन नावे जाहीर केली : अब्दुल कलाम, सोमनाथ चटर्जी आणि मनमोहन सिंग. तिसरे गृहस्थ त्या वेळी देशाचे पंतप्रधान होते! या नावांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. दोनच दिवसांनी प्रणव मुखर्जी यांचे नाव ठरले, मुलायमसिंहांनी त्यांना पाठिंबा दिला, आणि जुलैत मतदानाच्या तोंडावर ममताबाईंचाही पाठिंबा त्यांनाच मिळाला. ती तीन नावे सोंगट्या होत्या, आणि अटकळ लिहिणाऱ्यांनी सोंगट्यांची चरित्रे लिहिली.

२०२२ साली विरोधी पक्षांच्या बाजूने शरद पवारांचे नाव निघाले, तेव्हा आपल्याकडच्या वाचकाला साहजिकच गुदगुल्या झाल्या. पवारांनी नकार दिला. मागोमाग फारुख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी यांनीही दिला. शेवटी यशवंत सिन्हा उभे राहिले आणि पडले. तीन नकारांतून विरोधी पक्षांची अवस्था जितकी कळत होती, तितकी कुठल्याही अग्रलेखातून कळली नसती. पण आम्ही ‘आपला माणूस राष्ट्रपती होणार का?’ यापलीकडे गेलो नाही.

*

दुसरा दोष पाहण्याच्या जागेचा आहे. हे लेखक दिल्लीच्या दरबाराकडे डोळे लावून बसतात आणि राजभवनांकडे त्यांचे लक्ष जात नाही. प्रतिभाताई जयपूरच्या राजभवनात होत्या. २०१७ साली अडवाणी, मुरलीमनोहर जोशी, सुषमा स्वराज अशी मोठमोठी नावे छापली जात असताना १९ जूनला नाव निघाले ते बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांचे. द्रौपदी मुर्मू या झारखंडच्या माजी राज्यपाल. २००२ साली मात्र नजर राजभवनाकडे गेली होती, आणि नेमकी आपल्या मुंबईच्या. महाराष्ट्राचे राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव जवळजवळ नक्की धरले गेले होते. ते मागे पडले. मग उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचे नाव वर आले, तेही मागे पडले. १० जूनला वाजपेयींचा दूरध्वनी गेला तो चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात शिकवीत असलेल्या एका शास्त्रज्ञाला.

असे वारंवार का व्हावे? कारण मतदानाच्या पद्धतीतच आहे. या निवडणुकीत तुम्हाआम्हाला मत नाही. मते देतात संसदेचे आणि विधानसभांचे निवडून आलेले सभासद. आमदाराच्या मताचे मूल्य त्याच्या राज्याच्या १९७१च्या लोकसंख्येवरून ठरते : उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५, सिक्कीमच्या आमदाराचे अवघे ७. आपल्या विधानसभेच्या २८८ आमदारांची मिळून ५०,४०० मते होतात. मतदान गुप्त असते आणि पक्षादेश चालत नाही. तरीसुद्धा कोणत्या पक्षाकडे किती मूल्य आहे, हा हिशेब मामांच्या वहीत महिनाभर आधीच तयार असे. बेरीज सर्वांना ठाऊक, नाव मात्र एकदोघांच्या मनात. म्हणजे अटकळ बांधायची ती लोकांच्या मनाची नव्हेच. एकदोन पुढाऱ्यांच्या मनाची. अशा अटकळीला दरबारी वास यायचाच.

अमेरिकेत हाच खेळ वेगळ्या पटावर चालतो. तिथे १९७५ साली जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांचे नाव निघाले की ‘जिमी कोण?’ असे लोक विचारीत. पुढच्याच जानेवारीत आयोवा या राज्यात ते बाकीच्या सर्व उमेदवारांच्या पुढे गेले आणि नोव्हेंबरात अध्यक्ष म्हणून निवडून आले. पंडितांची अटकळ मतदारांनी भर बाजारात खोडून काढली. आपल्याकडे ती खोडायला मतदार नाही. हातात मत नाही, म्हणून तोंडात नाव घोळवायचे, एवढाच आपला सहभाग उरतो. असे असताना निदान प्रश्न तरी नीट विचारावा की नाही?

*

तिसरा दोष सर्वांत मोठा. या वाङ्मयाला पत्रिका पाहता येते, माणूस पाहता येत नाही.

१९६९ सालची गोष्ट घ्या. त्या वर्षीच्या अटकळींवर वृत्तपत्रे अक्षरशः जगली असतील. ३ मे रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात इंदिरा गांधींनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. मंडळाने नीलम संजीव रेड्डी यांना पसंती दिली. हंगामी राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी अपक्ष म्हणून उभे राहिले. ‘सदसद्विवेकबुद्धीनुसार मत द्या’ अशी हाक निघाली. १६ ऑगस्टला मतदान झाले. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसऱ्या उमेदवाराला १,१२,७६९ पडली. विजयाला ४,१८,१६९ हवी होती. दुसऱ्या पसंतीची मते मोजली तेव्हा कुठे गिरी ४,२०,०७७वर पोचले. केवढी चुरस!

हा तिसरा उमेदवार कोण, हे आज किती घरांत आठवत असेल? तो होता आपला चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, ‘मेघदूता’चा मराठी अनुवादक. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी त्याला उभे केले होते. तो निवडून यायला हवा होता असा माझा दावा नाही. पक्षांच्या गणितात त्याला ते शक्य नव्हते. मला एवढेच म्हणायचे आहे की, वरिष्ठांपुढे हा माणूस कसा वागेल याचे उत्तर देशाला तेरा वर्षे आधीच मिळाले होते. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्याने अर्थमंत्रिपद सोडले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न येताच झाला, हे त्याच्या तक्रारीतले एक मुख्य कलम होते.

हे कलम ध्यानात ठेवून १९७५च्या जूनकडे या. १९७४ साली फक्रुद्दीन अली अहमद राष्ट्रपती झाले. तेव्हाच्या अटकळींत प्रांत, धर्म, निष्ठा हे सारे रकाने भरले गेले असणार. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणीचा कागद त्यांच्यापुढे आला. मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पहाटे व्हायची होती. ‘मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?’ एवढे विचारण्याची मुभा त्या रात्री राष्ट्रपतींना खचित होती. सही झाली. पुढे चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणे सक्तीचे केले. त्या रात्री एका माणसाने जे विचारले नाही, ते विचारण्यासाठी देशाला घटनेत शब्द घालावे लागले.

आता कुणी म्हणेल, मग अटकळ लिहिणाऱ्यांनी करायचे काय? माणसाच्या मनात शिरायचे? नाही, त्याच्या गतायुष्यात शिरायचे. पण तिथेही घाई उपयोगी नाही, हे १९८२ने शिकवले. त्या वर्षी एका बाजूला होते गृहमंत्री झैलसिंग. त्यांच्या निष्ठेच्या विधानांची इतकी टवाळी झाली की, हा माणूस म्हणजे निव्वळ होयबा असे सगळीकडे गृहीत धरले गेले. दुसऱ्या बाजूला होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आणीबाणीत नागरिकाला न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या १९७६च्या निकालात ते एकटे विरोधात उभे राहिले होते, आणि त्यापायी त्यांचे सरन्यायाधीशपद गेले होते. मामींच्या प्रश्नाचे उत्तर खन्नांनी आधीच लिहून ठेवले होते. निवडून अर्थात झैलसिंग आले. अटकळ नावापुरती खरी ठरली. माणसापुरती मात्र ती साफ चुकली. कारण लोकांची पत्रे उघडून पाहण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारे टपाल विधेयक संसदेने १९८६ साली मंजूर केले, तेव्हा त्यावर सही न करता ते नुसते ठेवून देणारे राष्ट्रपती हेच झैलसिंग होते. ते विधेयक कायदा झाले नाही.

मामांची हयात पोस्टात गेली. १९८२च्या पानावर झैलसिंगांपुढे त्यांनी निष्ठेच्या रकान्यात भरघोस गुण दिले होते आणि बाकी काही लिहिले नव्हते. कधीतरी नंतर, वेगळ्या शाईने, त्यांनी समासात दोनच शब्द घातले : ‘टपाल वाचवले.’ त्या साऱ्या वहीत माणसाविषयी लिहिलेले असे ते एकच वाक्य आहे.

*

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे असते. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. मग माणूस कोणता, याने काय बिघडते? सही करणारा हात उत्तरेचा असो की दक्षिणेचा!

बिघडते. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार घटनेने राष्ट्रपतीला दिला आहे. जागा चिंचोळी आहे, पण तिथे उभे राहिलेली माणसे वेगवेगळी वागली आहेत. १९९७च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची गुजराल मंत्रिमंडळाची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली, आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. पुढच्या वर्षी बिहारच्या बाबतीत वाजपेयी मंत्रिमंडळाची शिफारसही त्यांनी तशीच परत केली. दोन वेगळ्या रंगांची सरकारे, पण राष्ट्रपतींचा प्रश्न तोच. कलामांनी २००६ साली लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले. तेच पुन्हा आले तेव्हा घटनेप्रमाणे सही केली. आणि याच कलामांनी त्याआधी वर्षभर, २००५च्या मे महिन्यात, बिहार विधानसभा बरखास्तीच्या कागदावर मॉस्कोत रात्री सही केली होती. ती बरखास्ती सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. एकाच चांगल्या माणसाकडून दोन्ही घडू शकते. म्हणूनच कुणाला ‘थोर’ किंवा ‘होयबा’ असे एका शब्दात निकालात काढणे म्हणजे पुन्हा पत्रिका पाहणेच होय.

चिंचोळी जागा कधीकधी अचानक रुंदही होते. १९६९ साली बंगळूरला ज्या दोन नावांत झुंज झाली, ती दोन्ही दहा वर्षांनी पुन्हा समोरासमोर आली. रेड्डी १९७७ साली अविरोध राष्ट्रपती झाले होते. १९७९च्या ऑगस्टमध्ये चरणसिंगांनी लोकसभेला तोंड न देताच राजीनामा दिला. जगजीवनराम बहुमत असल्याचे सांगत होते. रेड्डींनी त्यांना संधी न देता लोकसभा विसर्जित केली. त्यांचे बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येईल. पण तो निर्णय सल्ल्याच्या ओळीबरहुकूम आपोआप झाला, असे कुणीच म्हणणार नाही. तिथे माणूस लागला.

आणि एक काम असे आहे की त्याचा उच्चार या गमतीच्या हंगामात करवत नाही. फाशीची शिक्षा झालेल्या माणसाचा दयेचा अर्ज शेवटी याच टेबलावर जातो. तिथेही सल्ला सरकारचाच असतो, हे खरे. तरीपण प्रतिभाताईंच्या कारकिर्दीत अनेकांची फाशी जन्मठेपेवर आली, आणि प्रणव मुखर्जींच्या कारकिर्दीत अनेक अर्ज फेटाळले गेले. अजमल कसाबचा अर्ज फेटाळला जाऊन २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवड्यात त्याला फाशी दिली गेली, तेव्हा बहुतेकांच्या मनात कसली शंका नव्हती. पण सारेच अर्ज कसाबचे नसतात. कुठल्याशा तुरुंगात बारा-पंधरा वर्षे निकालाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ‘पुढचे राष्ट्रपती कोण?’ हा प्रश्न चहाबरोबर चघळण्याचा नाही. २००७ आणि २०१२ या दोन्ही हंगामांत मी पुष्कळ लेख वाचले. संभाव्य उमेदवाराला फाशीविषयी काय वाटते, हे विचारणारा एकही लेख वाचल्याचे मला स्मरत नाही.

*

एवढे सांगून झाल्यावर हे वाङ्मय बंदच करावे असे मी म्हणेन, असे वाचकांना वाटेल. छे! माणसाला उद्याची उत्सुकता असणारच. चार डोकी एकत्र जमली की नावे निघणारच, आणि निघावीतही. लोकांना ज्या निवडणुकीत मत नाही, तिच्याविषयी त्यांनी निदान बोलावे, यात लोकशाहीचे थोडे का होईना भलेच आहे. राष्ट्रपती भवन म्हणजे आपल्याला संबंध नसलेला वाडा, असे वाटण्यापेक्षा मामांची वही पुष्कळ बरी.

माझे मागणे अगदी लहान आहे. पुढच्या हंगामात एखादे नाव छापून आले की तीन गोष्टी विचाराव्या. हे नाव कुणी सोडले? या माणसापुढे आजवर असा एखादा कागद आला होता का, की ज्यावर मुकाट्याने सही करणे सोयीचे होते? आणि तेव्हा त्याने काय केले? राज्यपाल असेल तर त्याच्या राजभवनातली कागदपत्रे बोलतील. मंत्री असेल तर त्याचे राजीनामे, किंवा न दिलेले राजीनामे. न्यायाधीश असेल तर त्याचे निकाल. यांपैकी कुठलीही गोष्ट ‘असे समजते’च्या आडोशाला नसते. ती उघड्यावर पडलेली असते; वाचायला श्रम पडतात, इतकेच. लेखकाने ते श्रम घेतले आणि त्याचे नाव चुकले, तरी त्याचा लेख फुकट जात नाही. चिंतामणरावांविषयी १९६९ साली कुणी असे लिहिले असेल, तर ते उमेदवार पडल्यानंतरही वाचनीय राहिले असेल. राष्ट्रपतीकडून काय अपेक्षा करावी, हे त्यातून एखाद्या घरात तरी कळले असेल.

मामा आता नाहीत. मामींनी ती वही मला दिली. देताना म्हणाल्या, “यांचे गुण कधी जुळले नाहीत, पण अक्षर बघ किती सुरेख आहे.” वहीची शेवटची काही पाने कोरी होती. २०२७साठी मी त्यांवर रकाने आखून ठेवले आहेत. नाव, प्रांत, वय हे सारे मामांच्याप्रमाणेच आहे. गुणांचा रकाना तेवढा गाळला आणि त्या जागी मामींचा प्रश्न लिहिला. त्या रकान्यासाठी पानाची निम्मी जागा सोडावी लागली.